बाईंचं आधार कार्ड

लॅमिनेशनचं प्लास्टिक तापल्याचा वास आला की मला कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीचं ऑफिस आठवतं. मी सेक्रेटरी होतो. नवी कामवाली आली की तिचा गेटपास लॅमिनेट करायचा आणि आधार कार्डाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा, ही आमची पद्धत. एका बाईनं कार्ड देताना विचारलं, “साहेब, हे बाहेर कुठं जानार नाय ना?” “नाही हो, ग्रुपवर सगळी आपलीच माणसं आहेत,” मी म्हणालो. त्या आपल्याच माणसांपैकी कुणीतरी चौकशी म्हणून तो फोटो तिच्या गावी पाठवला, आणि आठवड्याच्या आत, ज्याच्या मारामुळे ती पळून आली होती तो नवरा आमच्या गेटवर येऊन उभा राहिला. ती भांडी तशीच टाकून मागच्या जिन्यानं गेली ती परत आलीच नाही. चौकीत मी सगळं सांगितलं. पोलीसबाई म्हणाल्या, “दुसऱ्याचं कार्ड असं फिरवलं तर केस होऊ शकते. माहीत नव्हतं?” “नव्हतं,” मी म्हणालो. “पण तिनं विचारलं होतं ना?” त्या म्हणाल्या. नंतर ‘कुणाचं कार्ड इथं टाकू नका’ असं ग्रुपवर सांगून सांगून मी थकलो. आज नव्या सेक्रेटरीचा मेसेज आलाय, ‘नवीन बाईंचं आधार टाका.’ खाली अंगठ्यांची रांग लागलीय, आणि त्यात सवयीनं दाबलेला माझाही आहे.