समुद्राची ओटी

मला पाण्याची भीती वाटते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे त्यावर हसतात. हसू देत. माझं माहेर शिरोळकडचं. एका पावसाळ्यात कृष्णा आमच्या घरात शिरली, माडीच्या जिन्यावर चढली, आणि आम्ही दोन दिवस वर बसून तिच्याकडे बघत होतो. तेव्हापासून बादली भरून वाहायला लागली तरी माझ्या छातीत धस्स होतं.

म्हणून नवऱ्याने "आईंना घेऊन एक दिवस समुद्रावर जाऊ, अगदी निवांत," असं काढलं, तेव्हा मी हो म्हटलं ते केवळ माझ्या आईसाठी. सत्तरी आली तरी तिने समुद्र पाहिला नव्हता. कोल्हापुरातून सकाळी निघालो. घाटात प्रत्येक वळणाला मी डोळे मिटत होते. मागे आई मांडीवर पिशवी घेऊन आरामात बसली होती. पिशवीत काय आहे ते घाटाआधी गगनबावड्यात चहाला थांबल्यावर कळलं होतं: खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू.

आमच्याकडे पूर आला की बायका नदीची ओटी भरतात. काठाने गुडघाभर पाण्यात उतरायचं, नारळ सोडायचा आणि 'आता माघारी जा बाई' म्हणून विनवायचं. त्या वर्षी नदीच घरात आलेली, काठ कुठून आणायचा? राहिलेली ती ओटी आईच्या मनाला टोचत होती.

"अगं आई, कृष्णा पूर्वेला जाते. तिचा समुद्र वेगळा," मी म्हटलं. मी शाळेत भूगोल शिकवते.

"समुद्र काय दोन असत्यात व्हय?" आई म्हणाली. "पाणी पाण्याला सांगतंय की."

माझा भूगोल तिथेच संपला.

आम्ही गेलो ते समुद्रकाठचं गाव आता बड्या लोकांचं झालंय. हॉटेलच्या मागच्या दारातून थेट वाळूत उतरायचं. पांढऱ्या छत्र्या, लांबलचक खुर्च्या, आणि आपण नुसतं बसलं तरी विचारपूस करणारी माणसं. आईने खुर्चीवर पाय वर घेऊन मांडी घातली आणि "हितं कामं कोन करतंय?" असं विचारलं. नवरा सोलकढी सांगायला आत गेला. मी पाण्याकडे पाठ करून बसले होते. वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी.

आई पाण्यात गुडघाभर उभी होती. तिने हळदकुंकू वाहिलं, खण आणि तांदूळ सोडले, नारळ सोडला, हात जोडले. इथवर सगळं रीतसर झालं. पण भरती होती. लाटेने नारळ परत आणून तिच्या पायाशी टाकला.

नदी दिलेलं परत करत नाही. सत्तर वर्षांत असं झालं नव्हतं. आईचा चेहरा मला लांबूनही दिसला. तो घाबरलेला होता. ओटी नाकारली, असंच तिला वाटलं असणार. तिने नारळ उचलला, चार पावलं आत गेली आणि पुन्हा सोडला. तो पुन्हा आला. मग ती कमरेपर्यंत गेली.

"आई, माघारी ये!" मी ओरडले. मोठी लाट आली. आई दिसेनाशी झाली, मग फक्त तिचा हात दिसला, मग पाण्यावर फुगलेला हिरवा पदर.

मी धावायला हवं होतं. लाटेचं पाणी सरसरत माझ्याकडे आलं आणि मी मागे सरले. पुन्हा आलं, पुन्हा सरले. माझी आई बुडत होती आणि मी पाय भिजू नयेत म्हणून मागे जात होते.

हॉटेलचा लाइफगार्ड शिट्टी फुंकत माझ्या बाजूने पळत गेला. त्याने तिला काखेत धरून ओढत आणलं. तिने खारं पाणी ओकलं, खोकली, आणि पहिल्यांदा पदर सारखा केला. नवरा धावत आला. "तू कुठे होतीस?" त्याने मला विचारलं.

"तिच्या मागेच," मी म्हणाले. आई माझ्याकडे बघत होती.

परतताना घाट चढून आल्यावर नवरा चहा आणायला उतरला. गाडीत आम्ही दोघीच. मला तिच्याकडे बघवेना. "आई, मी आत आले नाही," कसंबसं म्हणाले आणि रडायला लागले.

"ठावं हाय मला. बघितलं की मी," आई म्हणाली. तिचा घसा बसला होता. "पाण्यातनं एकदा डोकं वर आलं, तवा पयलं तुलाच बघितलं. म्हटलं, ही आता येतीया माझ्यामागं आनि वाहून जातीया. तर तू मागं सरत हुतीस. तवा कुठं जीव भांड्यात पडला बघ माझा."