नव्या दिल्लीत नेलेली सुकेळी

मी पदवीधर झालो तो आत्यामुळे. उन्हात सुकवलेल्या केळ्यांचा वास आला की नव्या दिल्लीतली सकाळ आठवते. नोकरीच्या मुलाखतीला निघताना तिने गास गावातल्या आमच्या वाडीतली सुकेळी बांधून दिली होती. "तिथं देवाला ठेव. तोवर तोंडात काही घालू नको, खादाडा!" दिल्लीत सगळे रुंद रस्ते आणि पांढरे बंगले सारखेच; देऊळ शोधताना वाट चुकलो. मुलाखतीची वेळ होत आली, पोटात कावळे ओरडत होते. समोर गुरुद्वारा दिसला. संकोचत पुडी पुढे केली. म्हाताऱ्या सेवादारांनी ती कपाळाला लावली, आत ठेवली आणि मला पंगतीत बसवले. "बेटा, अब पेटभर खा." संध्याकाळी मी पत्र लिहिले, "आत्या, नोकरीचं अजून कळलं नाही. पण देवाने मला उपाशी मुलाखतीला जाऊ दिलं नाही."