बांडीचं दुसरं रक्त

एक्केचाळीस नंबरची मेंढी ही ती मेंढीच नव्हे, असं मी लेखी देऊन बसले होते. सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. आणि मार्चमधल्या एका दुपारी तीच मेंढी सातारच्या आमच्या लॅबच्या पोर्चमध्ये माझ्या स्कूटीला अंग टेकून उभी होती. शेजारी तिचे मालक मायाप्पा. आष्ट्याहून पिकअपमध्ये घालून तिला घेऊन आले होते.

"बाई, तुमी म्हणता ही आमची बांडी न्हवं," मायाप्पा म्हणाले. "मग कुणाची हाय ते तरी सांगा. ज्याची त्याला निऊन दितो."

आत या म्हटलं, तर मेंढीला सोडून ते आत येईनात. मग मीच बाहेर पायरीवर बसले.

मी बायोकेमिस्ट. तीस वर्षं जनावरांचं रक्त बघण्यात गेली. नेमकं सांगायचं तर रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आतलं रसायन. या कामाला तंद्री लागणारा माणूस लागतो, आणि ती माझी लहानपणापासूनची खोड. मेंढीची तांबडी पेशी माणसाच्या पेशीपेक्षा पुष्कळ बारीक. माणसाच्या पेशीत पोटॅशियम भरपूर, कुत्र्यामांजरांच्या पेशीत अगदी कमी. मेंढ्यांमध्ये मात्र दोन्ही प्रकार, एकाच कळपात, कधी एकाच आईच्या दोन कोकरांतसुद्धा. असं का, याचा विचार करत मी कित्येक दुपारी खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याकडे बघत काढल्या आहेत. साळवी सर, म्हणजे आमचे प्रकल्पप्रमुख, दारात येऊन विचारायचे, "मॅडम, आहात ना?"

प्रकल्प माडग्याळ मेंढ्यांचा होता. जत तालुक्यातली ही जात उंच, लांब कानांची, नाक राघूच्या चोचीसारखं वाकलेलं. चांगले कळप निवडायचे, त्यातल्या मेंढ्यांच्या कानात नंबरचा बिल्ला मारायचा, रक्त घ्यायचं, काही महिन्यांनी पुन्हा घ्यायचं, आणि सगळं नोंदवून ठेवायचं. मायाप्पांचा कळप यादीत पहिला होता. त्यांच्या कळपातला मेंढा आपल्या कळपात सोडायला मिळावा म्हणून लोक वर्षवर्ष सांगून ठेवायचे.

पहिलं रक्त श्रावणात त्यांच्या गावी घेतलं. दिवाळीनंतर पूर्वेकडचे मेंढपाळ कळप घेऊन कृष्णाकाठी उतरतात आणि ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात. तशी मायाप्पांची मेंढरं आष्ट्याच्या शिवारात बसली होती. दुसरं रक्त तिथे घेतलं, फेब्रुवारीत.

आता माझी परीक्षा कशी चालते ते सांगते. तांबड्या पेशी फोडायच्या, म्हणजे आतलं हिमोग्लोबिन मोकळं होतं. त्याचा थेंब जेलवर ठेवायचा. जेल म्हणजे खळीसारखा थिजलेला पातळ थर. त्यातून वीज सोडली की हिमोग्लोबिन हळूहळू सरकायला लागतं. प्रत्येक प्रकाराची चाल वेगळी, त्यामुळे तासाभराने प्रत्येकाची रेघ वेगळ्या जागी उमटते. मेंढ्यांत 'ए' आणि 'बी' असे दोन प्रकार नेहमीचे. आपल्या भागात बहुतेक सगळ्या 'बी'. नुसतं 'ए' असलेली मेंढी विरळा, आणि एक्केचाळीस नंबर ही तशी विरळा. श्रावणात तिची रेघ बघून मला इतका आनंद झाला होता की चहा गार झाला.

फेब्रुवारीत त्या जागी काहीच नव्हतं. म्हणजे, अगदी पुसट सावली होती. ती मी डाग समजले. भलत्याच जागी एक नवी, ठळक रेघ होती. पोटॅशियम बघितलं, तर तेही पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. जनावराचा हिमोग्लोबिनचा प्रकार जन्मजात असतो. पेशीतलं पोटॅशियमही तसंच. दोन्ही बदलले म्हणजे जनावर बदललं. मी पुन्हा परीक्षा केली. तेच. यापूर्वी एका कळपात मेलेल्या मेंढीचा बिल्ला दुसरीच्या कानात सापडला होता, त्यामुळे संशय घ्यायला फार लांब जावं लागलं नाही. मी रिपोर्ट लिहिला.

साळवी सरांनी माणसं पाठवली. आष्ट्याच्या रानात, बाकीच्या मेंढपाळांच्या देखत, मायाप्पांच्या सगळ्या मेंढ्यांच्या कानातले बिल्ले कापून घेतले. चार दिवसांत ही बातमी जतला पोचली. ज्यांनी मेंढा मागून ठेवला होता त्यांनी फोन उचलणं बंद केलं. मायाप्पा बिल्ले बदलतो, एवढं एक वाक्य पुरलं. हे मला त्या दुपारी पायरीवर बसल्यावर कळलं.

"पैल्यापास्नं आमच्या मेंढराला कुणी नावं ठेवली न्हाईत," मायाप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पोरगं तापानं सुकलं तर त्येची आई म्हनती का, ह्ये माझं न्हवं?"

सुकलं. मी पहिल्यांदा त्या मेंढीकडे नीट बघितलं. मी तिच्या रेघा बघितल्या होत्या, तिला नाही. ती सुकलेली होती. जबड्याखाली पाण्याची सूज लोंबत होती. मी उठून तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आत लाल असायला हवं. पांढरा कागद होता.

मायाप्पा म्हणाले, पौषापासून ती अशीच आहे. पाटाच्या कडेचं ओलं गवत तिला फार आवडतं, हाकललं तरी तिथेच जाते. ओल्या गवतावर जंत असतात. मेंढीच्या पोटात गेले की आतून रक्त पितात. हे त्यांनाही ठाऊक होतं. कळपाला औषध पाजलं, तेव्हा ही कुठेतरी उसात शिरून बसली होती.

आणि पापणी धरलेली असतानाच मला आमच्या मास्तरांचा वर्ग आठवला. कॉलेजातली दुपार, बाहेर कडुलिंब, मी अर्धी झोपेत. मास्तर सांगत होते की कोकरू जन्मल्यावर काही काळ त्याच्या रक्तात 'सी' नावाचं तिसरं हिमोग्लोबिन बनतं. मग ते बंद होतं. पण 'ए' जातीच्या मेंढीचं रक्त फार गेलं, तर तिचं शरीर ते कोकरूपणाचं हिमोग्लोबिन पुन्हा बनवायला घेतं. नव्या पेशींत पोटॅशियमही तेवढ्यापुरतं वाढलेलं असतं. 'बी' मेंढीत हे होत नाही. आमच्याकडे सगळ्या 'बी', त्यामुळे तीस वर्षांत मी ते कधी बघितलंच नव्हतं.

मी तशीच उभी राहिले असणार, कारण मायाप्पांनी दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. मला वाटत होतं, केवढी ही गोष्ट. मरायला टेकलेली एक मेंढी, कुणाला न सांगता, आतल्या आत आपल्या जन्माच्या दिवसांकडे परत गेली. आणि मी त्याला खोटेपणा म्हटलं.

बरं, ती फिकट आहे हे आधी का कळलं नाही? कारण मीच ते पुसलं होतं. जेलवर ठेवण्याआधी आम्ही सगळे नमुने सारख्या दाटपणाचे करून घेतो, म्हणजे रेघा सारख्या उमटतात. पातळ रक्तही मग इतरांसारखंच दिसतं. नळीत तांबडा थर कमी होता, हे मला दिसलं होतं. रक्त घेणाऱ्याने हात आखडता घेतला, असं म्हणून मी पुढे गेले होते.

साळवी सरांपुढे जाऊन सगळं सांगितलं. ते ऐकून घेणारे आहेत, पण पटकन हलणारे नाहीत.

"गेल्या महिन्यात तुम्ही म्हणालात मेंढी वेगळी. आज म्हणता तीच. मी कुठली मॅडम खरी धरू?"

मी म्हटलं, मेंढीला धरा. जुन्या नळ्या आम्ही केव्हाच टाकून दिल्या होत्या, त्यामुळे डीएनए जुळवून बघायला काही उरलं नव्हतं. एकच रस्ता होता. मेंढी बरी करायची आणि 'ए' परत येतं का बघायचं. आलं, तर तीच. सर म्हणाले, मेंढी कळपात परत गेली तर पुन्हा कुणीतरी म्हणेल की बदलली. तेव्हा ती इथेच, आमच्या नजरेखाली राहिली पाहिजे. तीन महिने तरी. आणि मेली तर पहिला रिपोर्ट कायम.

हे मायाप्पांना सांगणं माझ्याकडे आलं. ते बराच वेळ मेंढीच्या पाठीवरची लोकर बोटांनी उकलत राहिले. महिन्या-दोन महिन्यांत सगळे पूर्वेकडे परतणार, मेंढी एकटी कधी राहिलेली नाही, हे ते माझ्याशी नाही, तिच्याशी बोलत होते. मग कासरा माझ्या हातात दिला.

"जगली तर आमचं नाव ऱ्हाईल," म्हणाले. "तुमच्या हातात हाय आता."

जंताचं औषध, लोहाचं टॉनिक, चांगला चारा, सगळं सुरू केलं. जनावरांच्या डॉक्टरांनी हात फिरवून सांगितलं, सूज उतरेल, पण खायला लागली पाहिजे. बांडी खाईना. आमच्या मागच्या शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मी मका पुढे धरला, मेथी धरली, हरभऱ्याचा भुसा धरला. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायची, जिथे काहीच नव्हतं. मीही मग तिकडेच बघत बसायची. दोघींचं त्या बाबतीत जमायचं. पण चौथ्या दिवशी ती गुडघ्यांवर बसली. ती मेली असती तर मायाप्पांचं नाव माझ्या अक्षरात कायमचं खराब राहिलं असतं.

त्याच सकाळी मायाप्पांच्या बायकोचा, यल्लाक्कांचा फोन आला. मी खरं ते सांगितलं. पलीकडून मेंढरांची बेंबें ऐकू येत होती. मग त्या म्हणाल्या, "फोन तिच्या कानाला लावा."

मी स्पीकर चालू करून मेंढीच्या लांब कानाजवळ धरला. यल्लाक्कांनी जिभेने एक आवाज काढला, र्रर्र असा, आणि मग "ये गं बांडे, ये" म्हणाल्या. बांडीचे कान हलले. ती उठली. थरथरत, पण उठली, आणि अशी ओरडली की साळवी सर पेन हातात घेऊन बाहेर आले. यल्लाक्का बोलतच राहिल्या, कुठल्या मेंढीला काय झालं, पाटाला पाणी आलं का, असलं काहीबाही. बांडीने मान खाली घातली आणि मका खाल्ला.

सर बघत उभे होते. मग म्हणाले, "हे रिपोर्टमध्ये लिहिता येणार नाही, मॅडम."

"नाही येणार," मी म्हटलं. आम्ही दोघं थोडा वेळ तिचं खाणं बघत राहिलो.

पुढे रोज सकाळी फोन. मी फोन धरून शेडमध्ये बसायची. सूज उतरली. पापणीत आधी गुलाबी आलं, मग लाल. दर पंधरा दिवसांनी मी रक्त घेत होते, आणि आता दाटपणा मोजल्याशिवाय नमुन्याला हात लावत नव्हते. पहिल्या दोन वेळा 'ए'च्या जागी काही नाही. तिसऱ्या वेळी पुन्हा ती पुसट सावली. या खेपेला मी तिला डाग म्हटलं नाही. तांबड्या पेशीचं आयुष्य महिन्यांचं असतं. जुन्या मरतात, नव्या येतात, घाई करून चालत नाही. एप्रिल सरला, मे सरला. एका रेघेचं ठळक होणं आणि दुसरीचं विरत जाणं मी जेलवर बघत होते, आणि दुपारी कधी कधी मला वाटायचं की कुणीतरी फार दुरून, पायी, घरी चाललं आहे.

जूनच्या शेवटी 'ए' जागेवर होतं. श्रावणातल्यासारखं. पोटॅशियमही उतरलेलं. मी सगळ्या जेलचे फोटो ओळीने सरांच्या टेबलावर मांडले. त्यांनी चष्मा काढून बघितले, घालून बघितले. मग पहिला रिपोर्ट रद्द असल्याचं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. खाली माझ्या चुकीचं एक वाक्य मी घातलं. ते म्हणाले, एवढं लिहायची गरज नाही. मी म्हटलं, बिल्ले चारचौघांत कापले होते.

म्हणून मग मी चारचौघांतच गेले. जतकडे, मायाप्पांच्या गावच्या बाजाराच्या दिवशी, जिथे झाडून सगळे मेंढपाळ येतात. बांडी पिकअपमधून उतरली आणि मला विसरून सरळ यल्लाक्कांच्या पायात शिरली. मी पत्र वाचून दाखवलं आणि मग साध्या भाषेत सांगितलं, की मेंढी तीच आहे, मायाप्पा खरं बोलत होते, चूक माझी.

एक म्हातारे मेंढपाळ म्हणाले, "मेंढी तीच हाय ह्ये आमाला म्हाईतच हुतं. तुमी येत्याल का ते म्हाईत न्हवतं."

मायाप्पांचा कळप यादीत परत आला. मेंढा मागणाऱ्यांचे फोनही सुरू झाले, असं यल्लाक्कांनी मागाहून सांगितलं. मी नवे बिल्ले बरोबर नेले होते. मायाप्पांनी पिशवी उघडून बघितली आणि परत दिली. रक्त हवं तेव्हा घ्या, म्हणाले, पण कान आता टोचायचे नाहीत. कुठली मेंढी कुठली, ते मी सांगीन आणि तुम्ही लिहून घ्या.

साळवी सरांना हे नियमात बसवायला दोन पत्रं लिहावी लागली. बसलं. तेव्हापासून त्या कळपाच्या वहीत नंबरांऐवजी नावं आहेत, आणि दोन नमुने जुळले नाहीत, तर मी आधी मेंढीची तब्येत विचारते, मालकाचं नाव नंतर.