ओल दिसते

देवगाव रंगारीच्या विहारातला अँप्लिफायर सात वर्षांपूर्वी बंद पडला आणि त्याचा ठपका माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यावर, म्हणजे दाजींवर आला. चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आज सांगू, उद्या सांगू करत मी ही सगळी वर्षं घालवली आहेत.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. घरी टेबलावर सर्किटच्या पाट्या करायचा मला जुना नाद. विहारासाठी अँप्लिफायर मीच करून देतो, असं मी आपण होऊन म्हणालो होतो. इथं संभाजीनगरला औरंगपुऱ्यातल्या दुकानातून तांब्याचा थर चढवलेली पाटी आणली, तिच्यावर नकाशा काढला, नको ते तांबं द्रावणात काढून टाकलं, भोकं पाडली. मग गुडघ्याच्या दुखण्यात काम चार महिने पडून राहिलं. पुन्हा हातात घेतलं तेव्हा तांबं काळं पडलेलं. त्यावर डाख धरेना. सोल्डर वितळायचं आणि मणी होऊन घरंगळायचं.

अशा वेळी करायचं ते मला माहीत होतं. खोडरबरने हलक्या हाताने घासायचं, स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने साफ करायचं. त्याला एक दुपार लागली असती. मी स्वयंपाकघरात गेलो आणि चिंच-मीठ घेऊन आलो. दोन मिनिटांत पाटी पूजेच्या तांब्यासारखी लखलखली.

बायको म्हणाली, "आता भरपूर पाण्याने धुवा. चिंच राहिली की कळकतं."

"ही काय पाण्याची लोटी आहे?"

"तांबं तर तेच ना?"

पण सर्किटची पाटी नळाखाली धरायची मला भीती वाटली. आयुष्यभर लोकांना 'पाण्यापासून जपा' सांगत आलेला माणूस मी. ओल्या फडक्याने पुसली, डाख दिले आणि वरून वॉर्निशचे दोन हात मारले. वॉर्निश चांगलं होतं. त्याने बाहेरचं काही आत येऊ दिलं नाही आणि भोकांत राहिलेलं मीठ बाहेर पडू दिलं नाही.

विहारात माझा सत्कार झाला, शाल मिळाली. अँप्लिफायर सांभाळायचं काम दाजींकडं आलं. विहाराची चावी त्यांच्याकडं अकरा वर्षं होती. पहाटे उघडायचे, झाडायचे, आभाळ आलं की शेतातून सायकलवर येऊन खिडकी लावायचे. अँप्लिफायरवर घालायला बहिणीच्या जुन्या लुगड्याची खोळ शिवून घेतली होती.

दुसऱ्या वर्षी ऐन वर्षावासात, पावसाळ्यातलं रोजचं ग्रंथवाचन चालू असताना, तो खरखरला आणि गप्प झाला. दाजी तो मांडीवर घेऊन एसटीने संभाजीनगरला आले, चहा घेऊन लगेच परत गेले. मी झाकण काढलं. आत धूळ कोरडी होती. वरून पाणी आल्याची एक रेघ नव्हती. पाटी उलटी केली, तर वॉर्निशच्या खाली, तांब्याच्या वाटांच्या कडेकडेने हिरवा कळंक पसरला होता. प्रत्येक भोकाभोवती जास्त. पाहताक्षणी मला कळलं.

तेवढ्यात विहाराच्या मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. "साहेब, पाणी गेलं काय आत?"

मी म्हणालो, "ओल दिसते."

दोनच शब्द. तपासायला गेलं तर धड खोटेही नव्हते. मीठ हवेतली ओल ओढून घेतंच. पुढचं मी बोललो नाही. मी शहरातला जाणकार, शालवाला. दाजी घरचेच आहेत, चार दिवसांत लोक विसरतील, असं मी स्वतःला समजावलं.

लोक विसरले नाहीत. पाऊस होता, म्हणजे खिडकी उघडी राहिली असणार, असं ठरलं आणि पुढच्या बैठकीत दाजींकडून चावी काढून घेतली. ते विहारात सर्वांत मागं बसू लागले. पारावरची माणसं त्यांना पाहिलं की म्हणायची, "सरका रे, ओल आली." मी नवी पाटी करून दिली. ती नीट धुतली, अर्धा दिवस उन्हात वाळवली आणि मगच लेप दिला. ती अजून चालते. तिच्यासाठीही माझे आभार मानले गेले आणि मी ते घेतले.

गेल्या महिन्यात बहिणीचा फोन आला. चावी कोणाकडं द्यायची ते रविवारी पुन्हा ठरणार होतं. "ह्यांचं नाव निघालं की कोणीतरी म्हणतं, त्याच्या हातात वस्तू देऊ नका. दादा, तू शब्द टाक. तुझं ऐकतेत तिथं."

रविवारी सकाळी मी देवगावला गेलो. जुनी पाटी मी फेकली नव्हती. वर्तमानपत्रात गुंडाळून सोबत घेतली. दाजी ओसरीत बसले होते. मी त्यांच्या हातात ती दिली आणि चिंचेपासून फोनपर्यंत सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा लावून पाटी पाहिली. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

त्यांनी ती परत कागदात गुंडाळली. "मग मला कशाला सांगायलात, भाऊ? मी खिडकी लावली व्हती, हे मला ठावं हाय. ज्यांना ठावं नाय त्यांना सांगा."

बहीण दारात उभी होती. मी धरून चाललो होतो की निदान तिचा तरी नवऱ्यावर विश्वास असेल. ती म्हणाली, "दादा, मी ह्यांना काय काय बोलले, माहीत हाय तुला? हे म्हणायचे, खिडकी लावली व्हती. मी म्हणायची, मग माझा भाऊ खोटं बोलतो व्हय?"



"जाऊ दे," दाजी तिला म्हणाले, "भाजी करपायली बघ."

ती आत गेली नाही. भाजी खरंच करपली. दाजींनीच उठून चूल विझवली.

विहारात वंदना झाल्यावर मी बैठकीत उभा राहिलो. माइक नको म्हणालो. जे घरी सांगितलं तेच सांगितलं, पाटी हातोहात फिरवली.

पुढं बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "म्हंजी पाणी नव्हतंच?"

"नव्हतं."

"आन् खिडकी?"

"बंद होती."

मागून कोणीतरी सवयीने बोललं, "मग ओल कुठून आली म्हणायची?" दोघं-तिघं हसले.

"मीठ होतं," मी म्हणालो. "मी ठेवलेलं."

अध्यक्ष पाटीकडं पाहत होते. "साहेब, आम्ही तुम्हाला शाल घातली व्हती," एवढंच ते म्हणाले. मी हो म्हणालो. त्यांनी खिशातून चावी काढून दाजींपुढं धरली. दाजींनी हात पुढं केला नाही. "विचार करून सांगतो," म्हणाले आणि चपला घालायला गेले. त्या दिवशी मला एसटीवर सोडायला कोणी आलं नाही. यायला हवं होतं, असंही नाही.

सहाव्या दिवशी बहिणीचा फोन आला. दाजींनी चावी घेतली होती, पहाटे जाऊन विहार झाडून आले होते. मी म्हणालो, बरं झालं.

"व्हय," ती म्हणाली. "तुम्ही बोललात म्हणून झालं."

मग तिने विचारलं, "गुडघा कसा हाय तुमचा?" मी म्हणालो, ठीक आहे. जन्मात तिने मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.