पुढच्या खोलीतला पलंग

“नाही,” मी म्हणाले. नवरा ऐकत होता.

त्याचं उजवं अंग लुळं पडलं होतं, तोंड वाकडं झालं होतं, पण कान शाबूत होते. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात सोशल वर्कर बाई त्याच्या उशाशी उभी होती. तिने सरळ विचारलं होतं, डिस्चार्जनंतर ह्यांना घरी नेणार का? पलंग खालच्या मजल्यावर, पुढच्या खोलीत बसेल, कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, माणसं येऊन लावून देतील. बरोबर आलेल्या आमच्या मुलीला वाटलं, मला इंग्रजी नीट कळलं नाही. तिने मराठीत पुन्हा विचारलं. मी मराठीत पुन्हा नाही म्हटलं. नवऱ्याने डोळे मिटले.

हा माणूस एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास घर सोडून गेला होता. तो बसच्या डेपोत कामाला होता. तिथल्याच एका बाईबरोबर राहायला लागला, तेही आमच्याच गावात. घटस्फोट त्याने मागितला नाही आणि मीही विषय काढला नाही. नव्वद सालाच्या आसपास त्याला अर्धांगाचा झटका आला. ती बाई थोडे दिवस हॉस्पिटलात येत राहिली, मग बहिणीकडे निघून गेली. तिला मी दोष देत नाही. बायको म्हणून उरले मी.

घरी येताना बसमध्ये मुलगी म्हणाली, “आई, यू आर पनिशिंग हिम. तू बदला घेतेयस.”

“बदल्याला जोर लागतो. मी शाळेच्या किचनमध्ये दिवसभर कस्टर्डची पातेली उचलते. जोर उरतो कुठे?”

“मग नाही का म्हणालीस?”

“पुढच्या खोलीत माझं मशीन आहे.”

“सीरियसली, आई? शिवणाचं मशीन?”

आमचा स्टॉप आला तशी ती माझ्याआधी उतरून चालू लागली.

मग इथल्या आपल्या मराठी बायकांचे फोन सुरू झाले. त्यातली एक म्हणाली, “अहो, घेऊन या हो घरी. कसाही असला तरी कुंकवाचा धनी आहे.”

नवरा सोडून गेला त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी हिच्याच घरी गेले होते. ओळीने सगळ्यांना कुंकू लावत ती माझ्यापर्यंत आली आणि थांबली. “तुमचं आता कसं करायचं हो?” म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता शेजारच्या बाईकडे वळली. नवरा चांगला धडधाकट होता, मार्केटात दिसायचा. मी तिळगूळ खाल्ला आणि घरी आले.

“तेव्हा करंडा माझ्यापुढून नेलात,” मी फोनवर म्हणाले. “आता परत कसा आला?”

“तुमची जीभ फार तिखट. म्हणूनच गेला तो.”

“असेल. मग त्याला बरंच आहे, परत माझ्याकडे यायला नको.”

त्याने मला टाकलं म्हणून मी त्याला टाकलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. राग नव्हता असं नाही. पण नुसता राग असता तर मी त्याला घरी आणलं असतं आणि रोज चमच्याचमच्याने ऐकवलं असतं. तशा बायका मी पाहिल्या आहेत.

माझं लग्नच दुसरीच्या नकारामुळे झालं. त्याला आवडलेल्या मुलीने नाही म्हटलं, म्हणून ती मंडळी आमच्याकडे कांदेपोहे खायला आली. मला हो की नाही, कुणी विचारलं नाही. चौथीनंतर शाळेतून काढलं तेव्हा विचारलं नाही, विमानात बसवलं तेव्हाही नाही. तो गेला तेव्हा तर प्रश्नच नव्हता. पहिला हिवाळा मी रडले. दुसऱ्या हिवाळ्यात जिन्याखालचं मशीन ओढून पुढच्या खोलीत मांडलं, कारण उजेड तिथे. शेजारणींचे पडदे शिवायचे, भूक लागली की जेवायचं, झोप आली की झोपायचं. ते मला आवडायला लागलं होतं. सोशल वर्कर बाईने वॉर्डात विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती खोली आली. आणि पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारत होतं.

त्याला नर्सिंग होममध्ये, आजारी माणसांना कायमचं सांभाळतात तिथे, जागा मिळाली. रविवारी मी मऊ वरणभात डब्यात घालून न्यायची, कारण तिथलं अळणी जेवण त्याला गिळवत नसे. एकदा जड जिभेने म्हणाला, “घरात... जागा होती.”

“होती. तिथे मी राहते.”

मग त्याने तोंड उघडलं, आणि मी पुढचा घास भरवला.

काही हिवाळे असेच गेले. मग छातीत कफ साठून तो गेला. स्मशानातून परतताना मुलगी म्हणाली, “तू बाबांना घरी आणलं असतंस तर...”

आणलं असतं तर तो आणखी जगला असता का, मला माहीत नाही. तो वारला. मी जगले.