सेउतीला नावेत सोडून

बाइदेऊंना बसता येत नसे. म्हणजे गुडघे चांगले ठणठणीत होते, पण बूड टेकलं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा. आमच्या घरी आल्या की दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून ओट्यापर्यंत येरझारा सुरू. हातात बिनदुधाचा लाल चहा, खांद्यावरून घसरणारी, पदरासारखी घ्यायची चादर आणि तोंडानं अखंड बोलणं. अहो, दोन मिनिटं बसा की, म्हटलं तर उत्तर ठरलेलं. "कविता उभ्यानं होते, कादंबरीला चालावं लागतं. बसून फक्त तांदूळ निवडायचे." माझी चार वर्षांची मुलगी एकदा त्यांच्याकडे बघत शाळेत उचललेल्या इंग्रजीत म्हणाली, "आई, धिस आंटी कान्ट सिट वन, लाह." मी तिला दटावलं, पण खरं तेच होतं.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. नवऱ्याच्या नोकरीपायी नागपूर सोडून आम्ही परदेशात, चोआ चू कांगच्या एका एचडीबी, म्हणजे सरकारनं बांधलेल्या उंच ब्लॉकमध्ये राहायला आलो होतो. मी तिकडे प्रयोगशाळेत काम केलेली बाई. इथं नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या डिपेंडंट पासवर घरात बसून माझं डोकं फिरायची वेळ आली होती. त्याच कॉरिडॉरमध्ये, दोन दारं सोडून, एक आसामी कुटुंब होतं. मुलगा-सून दोघंही इंजिनियर, सकाळी जात ते अंधार पडल्यावर येत. वडील गेल्यावर मुलानं आईला इकडे आणलं होतं. त्याच या बाइदेऊ. बाइदेऊ म्हणजे मोठी बहीण. आसामात शिक्षिकेलाही तसंच म्हणतात, आणि यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता. आमचं बोलणं हिंदीतून चाले. त्यांच्या हिंदीत माझा नवरा 'आती है' आणि मी 'जाता है'. मी सुधारायला गेले तर म्हणाल्या, आमच्या भाषेत क्रियापदाला बाई-पुरुष असला भेदभाव नसतो, सुधारायचं तर तुम्ही सुधारा. मग मी कानाला खडा लावला.

त्या लिहितात हे माहीत होतं. पण रिटायर झाल्यावर आपल्याकडे कोण लिहीत नाही? म्हणून मी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. एप्रिलमध्ये तिथल्या आसामी मंडळींचा बिहूचा, नव्या वर्षाचा सण होता, एका हॉलमध्ये. तिथं त्या मला घेऊन गेल्या आणि माझे डोळे उघडले. ऑफिसात कुणाला भीक न घालणारी तरुण पोरं यांच्या पाया पडायला रांग लावून उभी. आणि वाकून उठलेला प्रत्येक जण एकच विचारत होता, की बाइदेऊ, सेउती कुठल्या काठाला लागली? बाइदेऊ प्रत्येकाला तेच सांगत होत्या, की नदीला पूर आहे बाबा, थांब.

सेउती ही त्यांच्या कादंबरीतली मुलगी. तीन भागांची कादंबरी, गुवाहाटीच्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला एकेक प्रकरण छापून येई. तिसऱ्या भागात सेउती ठरलेलं लग्न टाकून पहाटे नावेत बसते. पलीकडच्या काठावर कॉलेज, अलीकडे आई आणि मांडव. नाव नदीच्या मधोमध पोचते, आणि तिथं जी कादंबरी थांबली ती थांबलीच. बाइदेऊ स्वतःच सांगायच्या, "सेउतीला नावेत सोडून मी विमानात बसले." सांगताना हसायच्या, पण त्या वेळी त्यांच्या फेऱ्यांचा वेग वाढायचा.

त्यांचं आयुष्य मला कळलं तेही चालताचालता, तुकड्यातुकड्यानं. सकाळी मी मुलीला शाळेत सोडून आले की त्या खाली तयारच असत. पहिली कविता पंधराव्या वर्षी फेरीबोटीत लिहिली, गर्दीत बसायला जागा नव्हती म्हणून उभ्यानं. खोड लागली ती तेव्हापासून. पुढं व्हरांड्यात फिरत प्रकरण मनात रचायचं आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत कागदावर उतरवायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. दोनदा नदीनं घर नेलं. दुसऱ्यांदा यांनी भांडीकुंडी सोडली आणि हस्तलिखित डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर पडल्या. सासूबाई शेवटपर्यंत त्या भांड्यांवरून टोमणे मारत होत्या म्हणे. मोठं सरकारी बक्षीस मिळालं, त्याबद्दल मात्र त्यांची एकच आठवण: सत्काराच्या खुर्चीत फार वेळ बसवून ठेवलं.

एकदा हौसेनं मी त्यांना एलआरटीनं फिरवून आणलं. ती छोटी गाडी ब्लॉकमागून ब्लॉक ओलांडत गोल फिरते आणि परत चोआ चू कांगलाच आणून सोडते. उतरल्यावर बाई भडकल्या. निघालो तिथंच आणून टाकलं, याला हे लोक प्रवास म्हणतात का, म्हणाल्या. इथं सगळं पुरं झालेलं आहे, रस्ते पुरे, झाडं कापूनकुपून पुरी, अशा जागी मी काय लिहिणार? मला ते पटायचं, कारण मीही तिथं घुसमटतच होते. प्रयोगशाळांकडे अर्ज कर, अर्ज कर, म्हणून रोज टोचून टोचून त्यांनी माझं डोकं खाल्लं, आणि शेवटी मी ते केले. स्वतः मात्र कादंबरीचा कागद पुढं ओढत नव्हत्या.

मग जोरहाटहून त्यांना फोन आला. तरुलता नावाची त्यांची बालमैत्रीण तिथं राहायची, तिची भाची बोलत होती. तरुमावशी अंथरुणाला खिळली आहे, डॉक्टरांनी हात टेकलेत. दिवसातून थोडा वेळ शुद्धीवर असते आणि तेवढ्यात एकच विचारते, की सेउतीचं पुढं काय झालं?

त्या दिवशी बाइदेऊ माझ्याकडे आल्या त्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून. झालेलं सांगितलं आणि फेऱ्या मारू लागल्या. मला वाटलं, यात अवघड ते काय? शेवट सांगून टाका, बिचारी सुखानं डोळे मिटेल. तसं मी म्हणालेही. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी मुकाट्यानं भांडी घासायला घेतली.

पुढचे दिवस वाईट गेले. बाइदेऊ सकाळी निघत, दिसेल त्या बसमध्ये चढत, शेवटच्या स्टॉपवर उतरून दुसरी पकडत. त्यांचा मुलगा ऑफिसातून मला फोन करून विचारी, आई घरी आहे का? मी काय सांगणार, कपाळ? एकदा त्या मला बस इंटरचेंजवर सापडल्या. कठड्याला धरून उभ्या होत्या आणि एकामागून एक बस समोरून निघून जात होती. हात धरून मी त्यांना खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरला नेलं, दोन तेह-ओ, म्हणजे बिनदुधाचे चहा घेतले, आणि सरळ विचारलं, की हे काय चालवलंय तुम्ही? तिकडे मैत्रीण तुमच्या एका शब्दासाठी प्राण धरून बसलीय.

तेव्हा त्यांनी सांगितलं. सेउती म्हणजे तरुच. सतरा वर्षांची तरु खरोखरच एका पहाटे नावेत बसली होती. पलीकडच्या काठावर बाइदेऊ उभ्या होत्या, दोघींच्या कॉलेजची, राहायची सगळी सोय करून. नाव मधोमध आली आणि तरुनं नावाड्याला ती फिरवायला सांगितली. परत गेली, लग्न केलं, चार मुलं वाढवली, संसार केला. का फिरलीस, हे यांनी कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही. मैत्री मात्र तुटली नाही.

"सेउतीला पार नेलं तर तरुला तोंडावर सांगितल्यासारखं होईल की तुझं सगळं आयुष्य चुकलं," बाइदेऊ म्हणाल्या. "परत आणलं तर मी जन्मभर वर्गात मुलींना जे सांगितलं ते खोटं. आता ती मरतेय आणि मलाच विचारतेय. सांग, कुठल्या काठाला लावू?"

नागपूर सोडून, हातातलं काम सोडून मी आले होते, ते बरं केलं की वाईट हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं. चहा तसाच निवून गेला.

दोन दिवसांनी दुपारी दार वाजलं. फोन लाव, एवढंच म्हणाल्या. घरच्या फोनला वायर, आणि वायरीला बांधून घेऊन यांना बोलता येणं शक्य नव्हतं. म्हणून माझा मोबाईल आणि घरात होतं ते फोनकार्ड घेऊन आम्ही ब्लॉकखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकवर गेलो. मी कार्डावरचा नंबर खरवडला, जोरहाट लावलं. भाचीनं फोन आत नेऊन दिला. मावशीनं तिला खोलीबाहेर घालवलं, ते दार लोटल्याच्या आवाजावरून मलाही कळलं. आणि बाइदेऊ चालू लागल्या.

या खांबापासून त्या खांबापर्यंत, परत या खांबापर्यंत. फोन स्पीकरवर टाकून, कानाला न लावता तोंडासमोर धरून बोलायची त्यांना सवय, त्यामुळे पलीकडचा श्वासही मला ऐकू येत होता. आसामी मला कळत नव्हती. सेउतीचं नाव आणि पाणी, एवढंच काय ते समजायचं. सुरुवातीला त्या अडखळत होत्या, बोललेलं परत घेत होत्या. म्हणजे ठरवून आलेलं सांगत नव्हत्या, तिथंच रचत होत्या, हे भाषा न येताही समजलं. मग लय लागली. आवाज चढला, तळहातानं मांडीवर थाप मारून त्यांनी वल्ह्याचा ताल धरला, मध्येच कसल्याशा गाण्याच्या दोन ओळी गुणगुणल्या. नेमक्या त्याच वेळी फोनमधली बाई इंग्रजीत कार्ड संपल्याचं सांगू लागली आणि लाइन गेली.

मी त्यांना थांबवायला गेले तर त्यांनी मला हातानंच बाजूला सारलं. थांबल्या असत्या तर पुढचं हरवलं असतं. त्या बंद फोनशी बोलत चालतच राहिल्या. मी घरातल्या स्लिपरवर कोपऱ्यावरच्या दुकानात पळाले, दुसरं कार्ड आणलं, त्यांच्या मुठीतून फोन ओढून घेतला, तर बाई रिकाम्या मुठीशी बोलताहेत. धापा टाकत मी पुन्हा जोरहाट लावलं, भाची पुन्हा फोन आत देऊन बाहेर गेली, आणि मी माझा मोबाईल बाइदेऊंच्या हातात कोंबला. किती मागं जाऊन त्यांनी सुरुवात केली, कोण जाणे.

शेवटी त्या एका खांबापाशी थांबल्या आणि भाजी काय आणायची हे सांगावं इतक्या साध्या आवाजात एक वाक्य बोलल्या. आणि मग ती आजारी बाई हसली. खोकल्यानं अडलेलं, पण मनापासून आलेलं, मागच्या बाकावरच्या मुलीचं असतं तसं हसू. ती काहीतरी म्हणाली, बाइदेऊही हसल्या, आणि मग दोघी बराच वेळ नुसत्या हुंकार देत राहिल्या. हसण्याचा आवाज ऐकून भाची आत आली असावी. तिनं फोन घेतला आणि मावशीला झोप लागल्याचं सांगितलं.

मी विचारलं, कुठल्या काठाला लावलीत? बाइदेऊ चादरीनं डोळे पुसत होत्या. "तरुची होती, तरुला दिली," म्हणाल्या. मला वाटलं, आता तरी जरा बसतील. कसलं काय! बाजारात मोहरीची ताजी भाजी आली असेल, चल, म्हणून निघाल्यासुद्धा.

त्याच आठवड्यात तरु गेली. महिन्याभरात बाइदेऊही आसामला निघाल्या. मुलानं समजावलं, सून रडली, पण त्या ऐकेनात. एअरपोर्टवर सामानाच्या गाडीभोवती त्यांच्या घिरट्या चालू असताना मी अक्षरशः हातापाया पडले, की तिकडे गेल्यावर तरी ते लिहून काढा, एवढे लोक वाट बघताहेत. त्या म्हणाल्या, "लिहायला बसले तर पुन्हा ठरवावं लागेल. एकदा ठरवलं, पुरे." मग मला घट्ट जवळ घेतलं आणि वळूनसुद्धा न बघता आत गेल्या. पुढं कधीमधी फोन यायचा. मला प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा माझ्याहून जास्त त्यांना आनंद झाला. कविता पुष्कळ लिहीत होत्या. कादंबरीचं नाव काढलं की फोन ठेवत. काही वर्षांनी त्या गेल्याचं मुलानं कळवलं, तेव्हा मी कामावर होते. हातातलं काम तसंच ठेवून बाहेर जिन्यात जाऊन खूप रडले.

आम्ही त्याच शहरात दुसऱ्या टोकाला, पुंगोलला राहायला गेल्यावर गुवाहाटीहून एका मुलीचा फोन आला. बाइदेऊंच्या लेखनावर ती प्रबंध लिहीत होती आणि नंबर तिला त्यांच्या मुलानं दिला होता. तरु नाही, बाइदेऊ नाहीत, भाची तर खोलीबाहेरच होती. कादंबरीचा शेवट ऐकलेलं माणूस जगात उरलं ते मी. मी तिला सगळं सांगितलं. कुठं आवाज चढला, कुठं ताल धरला, गाण्याच्या ओळी कुठं आल्या, शेवटचं वाक्य किती हळू होतं. ती मुलगी मन लावून लिहून घेत होती. मग तिनं विचारलं, पण काठ कुठला? माहीत नाही, म्हटलं. तिला माझा राग आला असावा. मलाही येतो, बाइदेऊंचा, अजून येतो. एवढ्या लोकांना नदीत लोंबकळत ठेवून बाई निघून गेल्या आणि साक्षीला ठेवलं ते मला, जिला त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं.

मग ती मुलगी जरा अवघडून म्हणाली, की हे मी प्रबंधात घालीन, पण याला संदर्भ काय देऊ?

"लिही," मी म्हटलं. "जिची गोष्ट होती तिनं ती शेवटपर्यंत ऐकली आणि ती हसली. चोआ चू कांग, ब्लॉकच्या खाली. मी तिथं होते."