मायच्या जठरातल्या परक्या पेशी

मी तेव्हा बालाघाटच्या मुलींच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. मायला जेवल्यावर पोटात आग व्हायची. ती दातांना तंबाखूची गुडाखू घासायची, चिमूटभर सोडा घ्यायची आणि कामाला लागायची. एके दिवशी तिला काळी उलटी झाली. थोरला भाऊ आणि मी तिला छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीनं गोंदियाला आणि तिथून नागपूरला नेलं. तिथं ऑपरेशन करून जठराचा जखम झालेला भाग काढला.

तो तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरीण बाईंनी काही दिवसांनी आम्हाला बोलावलं.

"कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या.

बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावलं. गुलाबी-जांभळ्या रेघांमध्ये पेल्यासारख्या फुगीर, फिक्या पेशी दिसत होत्या.

"ह्या आतड्यातल्या पेशी. जठरात असायला नकोत. वर्षानुवर्षं सूज राहिली की अस्तर असं बदलतं."

"मग पुढं?"

"बहुतेकांना काही होत नाही. क्वचित कुणाला पुढं कॅन्सर होतो. भूक गेली, वजन उतरलं, तर लगेच आणा."

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "मायले सांगू नको. घाबरन थे."

माय खाटेवर जागीच होती. "काय म्हणे डॉक्टरीण?"

"सगळं बरं हाये."

"मंग तुहा भाऊ खाली मान घालून काहून बसला? माह्या पोटातली गोष्ट मलेच काहून नाही सांगत?"

मी सांगितलं. क्वचित होणाऱ्या गोष्टीसकट सगळं.

"म्हंजे पोटात आतडं उगवलं?"

"हौ, तसंच काही."

"दुखन काय त्यानं?"

"नाही."

"मंग राहू दे त्याले. मले पाणी दे."

घरी आल्यावर तिनं गुडाखू स्वतःहून सोडली. थोडं थोडं खाऊ लागली. कॅन्सर तिच्या वाट्याला कधीच आला नाही, पण तेव्हा हे कुणाला ठाऊक? मी कितीतरी वर्षं जेवताना आधी तिचं ताट पाहायचे. राजेगावला मावसबहिणीच्या लग्नात पंगतीत बसलो, तेव्हाही माझी नजर तिच्या भातावरच होती.

"माह्या ताटाकडं नको पाहू," ती म्हणाली. "तुहा भात थंडा होऊन राह्यला."

मी खाली पाहिलं आणि जेवायला लागले.